संख्याशास्त्रीय पॅकेजची क्रॅन-भांडारासाठी पूर्वतयारी : धानाच्या उत्पादनाच्या एका सूत्राच्या अनुषंगाने

धानाच्या वाणांचे तुलनात्मक प्रयोग जेथे वर्षानुवर्षे चालतात, तेथे नव्या वाणांच्या जोडीने आणखी एक गोष्ट हळूहळू आकार घेत असते. ती म्हणजे हिशेबाची रीत. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांना साकोली-६, साकोली-८ अशी गावाचीच नावे आहेत, आणि ती भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्यास परिचित आहेत. परंतु कोणत्याही केंद्रावर वाफ्याच्या कडेच्या किती ओळी वगळावयाच्या, तोलाच्या वेळचा ओलावा कसा हिशेबात धरावयाचा, बांध फुटून वाहून गेलेल्या बांधीची नोंद कशी करावयाची, या गोष्टींना नाव नसते. त्या एखाद्या अनुभवी सहायकाच्या वहीत, किंवा अलीकडे त्याच्या संगणकावरील तक्त्यात असतात. तो निवृत्त झाला की तक्ता उरतो, पण तक्त्यातील एखाद्या घरात ८६ हा आकडा का आहे हे सांगणारा उरत नाही.

अशी रीत सर्वांस उपलब्ध व तपासण्याजोग्या स्वरूपात ठेवण्याचा आज सर्वांत रूढ झालेला मार्ग म्हणजे ती ‘आर’ या संगणकभाषेत पॅकेजच्या रूपाने लिहून क्रॅन या सार्वजनिक भांडारात देणे. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण ही पॅकेजे नित्य वापरतात. स्वतः एखादे तयार करून पाठविण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र, ‘काम झाले, आता केवळ चढवावयाचे राहिले’ अशी त्यांची समजूत असते. ही समजूत दूर करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आर ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी तयार केली. तिचे मूळ बेल प्रयोगशाळेत १९७६ पासून जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘एस’ या भाषेत आहे. क्रॅन हे भांडार १९९७ साली व्हिएन्ना येथून सुरू झाले, आणि आज त्यात वीस हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. भांडार चालविणारी मंडळी संख्येने थोडी असून हे काम ती सेवाभावाने करतात, हे पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावयाचे आहे.

पहिली तयारी लेखणी उचलण्यापूर्वीची. आपल्याला हवे आहे ते भांडारात आधीच आहे काय, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. शेतीविषयक प्रयोगांसाठी पेरू देशातील फेलिपे दे मेंदिबुरू यांचे ‘अ‍ॅग्रिकोले’ हे पॅकेज फार दिवसांपासून प्रचलित आहे. फेडरर यांनी १९५६ साली मांडलेली वर्धित रचना, जीत नवे वाण एकेकदाच आणि तुल्य वाण प्रत्येक खंडात लावतात, तिच्या विश्लेषणाचे पॅकेज तर दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोतील संशोधकांनीच क्रॅनला दिलेले आहे. या ब्यूरोचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्यास आहे, ही गोष्ट विदर्भातील विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी. ‘अ‍ॅग्रिडॅट’ नावाच्या आणखी एका पॅकेजमध्ये जगभरच्या जुन्या शेतीप्रयोगांची आकडेवारी एकत्र केलेली असून, तीत कापसावरील एका समरूपता-चाचणीची सामग्री वि. गो. पानसे यांच्या नावाने दाखल आहे. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. त्या काळची सामग्री आज एका ओळीच्या आज्ञेने विद्यार्थ्याच्या पुढ्यात येते. संशोधकाच्या पश्चात त्याची आकडेवारी कशी टिकते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

असा शोध घेऊनही आपली रीत नवी ठरली, तर पुढे जावे. विवेचनासाठी एक लहानसे पॅकेज कल्पू व त्यास ‘धानमाप’ असे नाव देऊ. त्यातील मुख्य फंक्शनचे काम एवढेच की, निव्वळ वाफ्यावर तोललेल्या धानाचे वजन, त्या वेळचा ओलावा आणि वाफ्याचे क्षेत्रफळ दिले असता, शेकडा १४ ओलाव्यास आणून प्रतिहेक्टर उत्पादन सांगावे. सूत्र साधे आहे : शंभरातून ओलावा वजा करावा, उरलेल्यास ८६ ने भागावे, आणि त्या गुणोत्तराने वजनास गुणावे. तक्त्याच्या घरातील ते ८६ म्हणजे शंभरातून चौदा गेलेले. समजा, १० चौरस मीटरच्या निव्वळ वाफ्यात ५.२ किलो धान आले आणि ओलावा शेकडा २० होता. दुरुस्त वजन ४.८३७ किलो, म्हणजे हेक्टरी ४,८३७ किलो. दुरुस्तीवाचून तोच आकडा ५,२०० येतो. हा ३६३ किलोंचा फरक दोन वाणांत खरोखर असलेल्या फरकापेक्षाही मोठा असू शकतो. आणि भारी वाण हलक्या वाणांच्या मागाहून, वेगळ्या ओलाव्यावर कापले जात असल्याने तो सर्व वाणांस सारखा लागू पडत नाही.

आता हे फंक्शन जसेच्या तसे दुसऱ्याच्या हाती द्या. त्याच्या तक्त्यात ओलावा २० असा न लिहिता ०.२० असा लिहिलेला आहे. फंक्शन तक्रार करीत नाही, शंभरातून ०.२० वजा करते, ८६ ने भागते, आणि हेक्टरी ६,०३४ किलो उत्पादन सांगते. आकडा अशक्य नाही, म्हणून कोणास संशयही येत नाही. तिसऱ्या कोणाच्या नोंदीत ओलावा कोरड्या वजनाच्या प्रमाणात मोजलेला आहे. ओल्या वजनावर शेकडा २० म्हणजे कोरड्या वजनावर शेकडा २५. तो २५ सूत्रात घातला की उत्पादन ४,५३५ वर उतरते. चौथ्याने वजने आधीच दुरुस्त करून ठेवली आहेत, आणि आपले फंक्शन ती दुसऱ्यांदा दुरुस्त करते. हा शेवटचा प्रकार एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या नजरेतून निसटला होता. परीक्षणाच्या वेळी ध्यानात आला तेव्हा सर्व तक्ते पुन्हा करावे लागले.

या चारही वापरांत आज्ञावली निर्दोष चालते. भांडाराची कोणतीही तपासणी यांतील एकही चूक पकडणार नाही, कारण तिला धान ठाऊक नाही. म्हणून लेखकाने फंक्शनच्या प्रवेशद्वाराशीच पहारा बसवावा : ओलाव्याचे सर्व आकडे एकाहून लहान असतील तर काम थांबवून कारण सांगावे, ऋण किंवा शंभराहून अधिक ओलावा स्वीकारू नये, आणि ओलावा ओल्या वजनावर धरला आहे हे साहाय्यपृष्ठाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे. वजने आधी दुरुस्त केलेली आहेत किंवा नाहीत, हे मात्र यंत्रास ओळखता येत नाही. तेथे वापरणाऱ्याकडून स्पष्ट उत्तर मागणारा घटक ठेवावा, आणि त्यास गृहीत उत्तर देऊ नये. थोडी गैरसोय होईल, ती होऊ द्यावी.

क्षेत्रफळाविषयीही असेच आहे. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पीक-पाहणीत फार लहान वाफे कापले तर उत्पादनाचा अंदाज फुगतो. वाफा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी. आणि कडेवरची झाडे आत घ्यावी की बाहेर ठेवावी या संभ्रमात ती आत घेण्याकडे माणसाचा कल असतो. आपले पॅकेज ही चूक दुरुस्त करू शकत नाही. परंतु ‘क्षेत्रफळ’ असे मोघम नाव न देता ‘निव्वळ क्षेत्रफळ’ असे नाव दिले, तर रोवणी केलेले सर्व क्षेत्र त्या जागी टाकण्याचा मोह निदान एकदा तरी अडेल.

शून्य आणि अनुपस्थित नोंद यांतील भेद तर आमच्या भागात विशेष जपावयास हवा. रोगाने वाण समूळ गेला तर त्या वाफ्याचे उत्पादन शून्य आहे, व ते शून्य वाणाविषयी काही सांगते. रानडुकरांनी वाफा लोळविला, किंवा तलावाचा सांडवा फुटून बांधी वाहून गेली, तर ती नोंद अनुपस्थित आहे. तिचा वाणाशी संबंध नाही. तक्त्यात दोन्ही ठिकाणी कधी शून्य, कधी आडवी रेघ, कधी रिकामे घर आढळते. पॅकेजने रिकाम्या घरास शून्य समजू नये, आणि किती नोंदी गाळल्या ते दर वेळी छापावे.

आणखी एक सापळा जाणत्यांनाही चकवतो. आठ वाणांस १ ते ८ असे क्रमांक दिलेले असतात. संगणक त्यांस नावे न समजता संख्या समजतो, आणि प्रचरण-विश्लेषणात वाणांच्या वाट्यास सातऐवजी एकच स्वातंत्र्यमात्रा येते. याच संदर्भात २०२० मधील एक बदल लक्षणीय आहे. आरच्या ४.०.० या आवृत्तीपासून अक्षरी स्तंभांचे आपोआप वर्गीकृत चलात रूपांतर होणे बंद झाले. त्या जुन्या वर्तनावर मुकाट्याने विसंबलेली पॅकेजे त्या वर्षी दुरुस्त करावी लागली. जे आपणास हवे ते फंक्शनने स्वतः, उघडपणे करावे.

या सर्व गोष्टी ज्या ठिकाणी कायमच्या बांधल्या जातात ते ठिकाण म्हणजे चाचण्यांचा विभाग. ओलावा १४ दिला असता वजन बदलू नये; ५.२ किलो व शेकडा २० दिले असता ४.८३७ यावे, ०.२० दिले असता काम थांबावे. अशा दहा-वीस चाचण्या पॅकेजसोबतच ठेवतात, आणि भांडार त्या निरनिराळ्या यंत्रांवर पुनःपुन्हा चालवून पाहते. दशांश अपूर्णांकांची तुलना मात्र तंतोतंत समानतेने करू नये, अल्प फरकास वाव ठेवावा. कारण सर्व यंत्रे शेवटचा अंक सारखा देत नाहीत. यादृच्छिक निवडीवर अवलंबून असलेली चाचणी तर विशेष नाजूक असते. २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत नमुना काढण्याची अंतर्गत पद्धती बदलली, आणि तेच बीज देऊनही निराळे नमुने येऊ लागले.

पॅकेजच्या बाह्यांगाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याचे नियम भांडाराने स्वतः सविस्तर दिलेले आहेत. डिस्क्रिप्शन नावाची फाइल ही पॅकेजची जन्मपत्रिका. तिच्यात शीर्षक ६५ अक्षरांच्या आत असावे. वर्णनाचा आरंभ ‘हे पॅकेज’ अशा शब्दांनी करू नये. ज्या पद्धतीवर काम आधारलेले आहे तिच्या मूळ लेखाचा निर्देश लेखकाचे नाव, वर्ष व स्थायी क्रमांक यांसह यावा. पॅकेजचे नाव रोमन अक्षरांत असावे लागते, आणि केवळ लहानमोठ्या अक्षरांच्या फरकाने दुसऱ्या नावाहून भिन्न असलेले नाव चालत नाही. लेखक, योगदाते, प्रतिपालक आणि स्वामित्वधारक या भूमिका वेगळ्या लिहावयाच्या असतात. विद्यापीठाच्या सेवेत असताना केलेल्या कामाचे स्वामित्व कोणाचे, हा प्रश्न पाठविण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी सोडवून घ्यावा. परवान्याचेही तसेच, परवान्यावाचून पॅकेज भांडारात घेतलेच जात नाही. पॅकेजमधील आकडेवारी केंद्राची असेल तर केंद्राची अनुज्ञा हवी. शेतकऱ्यांच्या शेतावरील प्रयोग असतील तर त्यांची नावे व गट क्रमांक अजिबात जाऊ नयेत. उदाहरणापुरते कल्पित आकडे पुष्कळदा पुरतात, आणि ते कल्पित आहेत असे तेथेच म्हणावे.

मराठीत काम करणाऱ्यास एका अडचणीची पूर्वसूचना देणे अवश्य आहे. आज्ञावलीच्या मजकुरात रोमन वर्णमालेबाहेरची अक्षरे तपासणीस मान्य नाहीत. देवनागरी शब्द हवाच असेल तर त्याच्या अक्षरांचे सांकेतिक क्रमांक लिहावे लागतात. साहाय्यपृष्ठांत देवनागरी घातली तर त्यांपासून छापील पुस्तिका बनविणारी लेटेक ही व्यवस्था सहसा तेथेच अडखळते. आकडेवारीत देवनागरी नावे ठेवता येतात, फक्त तपासणीत त्याविषयी एक टीप उमटते. तेव्हा सध्याचा व्यवहार्य मार्ग असा : साहाय्यपृष्ठे इंग्रजीत ठेवावी, आणि पऱ्हे, रोवणी, बांधी, निव्वळ वाफा यांचे अर्थ सांगणारे सविस्तर मराठी विवेचन संकेतस्थळाच्या पानाच्या स्वरूपातील जोडलेखात द्यावे, कारण तेथे देवनागरी नीट दिसते. फंक्शनचे संदेशही अनुवाद-फाइलीच्या साहाय्याने मराठीत आणता येतात. आमच्या मते हे श्रम वाया जात नाहीत. ज्या सहायकाच्या वहीतून रीत घेतली, त्यास ती तपासता आली पाहिजे.

आता तपासणी. पॅकेज बांधून झाले की क्रॅनच्या कसोट्यांसह ती चालवावयाची. आणि ती केवळ आपल्या यंत्रावरील आवृत्तीवर चालवून भागत नाही, आरच्या विकासाधीन आवृत्तीवरही चालवावी लागते. स्वतःजवळ ती नसेल तर डॉर्टमुंड येथून चालविली जाणारी विन-बिल्डर ही सेवा फाइल घेऊन अहवाल पाठविते. अहवालात चूक, इशारा व टीप अशा तीन श्रेणी असतात. पहिल्या दोन शिल्लक ठेवून पाठवूच नये. टीपांपैकी ‘नवे पॅकेज’ ही टीप प्रत्येक नवागतास मिळते व ती निरुपद्रवी असते. इतर टीपा दूर कराव्या, किंवा का राहिल्या ते निवेदनात लिहावे. विद्यार्थ्यांकडून वारंवार घडणारे दोष ठरलेले आहेत. उदाहरण म्हणून दिलेली आज्ञावली काही सेकंदांऐवजी काही मिनिटे चालते. फंक्शन वापरणाऱ्याच्या संगणकावर न विचारता फाइल लिहून ठेवते. नियमाने ती केवळ तात्पुरत्या कप्प्यात लिहिता येते. आलेखाच्या मांडणीत केलेला बदल पूर्ववत केला जात नाही. हे नियम पाहुण्याच्या शिष्टाचारासारखे आहेत. दुसऱ्याच्या यंत्रात आपण राहावयास गेलेलो असतो.

पाठविल्यानंतर प्रथम एक पुष्टीपत्र येते, त्यास होकार दिल्यावरच पुढील छाननी सुरू होते. नव्या पॅकेजचे अवलोकन माणूसही करतो. त्याची पत्रे त्रोटक असतात, कधी रूक्षही वाटतात. त्यांत अवमान शोधू नये. सांगितलेले सर्व दुरुस्त करून, आवृत्तीचा क्रमांक वाढवून, काय काय केले ते चार ओळींत लिहून पुन्हा पाठवावे. स्वीकृतीनंतरही सुधारित आवृत्त्या महिन्या-दोन महिन्यांतून एकाहून अधिक वेळा पाठविणे अनुचित समजले जाते. ऑगस्टमध्ये आणि नाताळच्या सुमारास बहुधा काही दिवस नव्या फाइली घेणे बंद असते, तेव्हा प्रबंधाची अंतिम मुदत त्या दिवसांवर टांगून ठेवू नये.

सर्वांत अधिक दुर्लक्ष प्रतिपालकाच्या पत्त्याकडे होते. प्रतिपालक म्हणून एका व्यक्तीचे नाव व तिचा चालू ई-मेल द्यावा लागतो. संस्थेचे नाव किंवा मंडळाचा सामायिक पत्ता चालत नाही. आमच्याकडे पॅकेज लिहितो तो बहुधा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि पत्ता देतो विद्यापीठाने दिलेला. तो उत्तीर्ण होतो, पत्ता काही काळाने बंद पडतो. मग आरची नवी आवृत्ती येते, एखादी चाचणी कोसळते, भांडाराकडून दुरुस्तीची मुदत देणारे पत्र निघते आणि ते कोणासच पोचत नाही. मुदत संपली की पॅकेज चालू यादीतून काढून जुन्यांच्या कप्प्यात ठेवले जाते. मूळ फाइल तेथे शाबूत असते. परंतु नेहमीच्या आज्ञेने ते आता कोणास मिळत नाही, आणि ज्या अन्य पॅकेजांनी त्यावर भिस्त ठेवली त्यांनाही धक्का पोचतो. अशा वेळी सहायकाच्या वहीची आणि आपल्या पॅकेजची गत एकच होते.

याकरिता विभागात पुढील व्यवस्था करता येईल. प्रतिपालक म्हणून सेवेत कायम असलेल्या अध्यापकाचे नाव द्यावे, विद्यार्थ्याचे नाव प्रथम लेखक म्हणून राहावे. श्रेय लेखकाच्या भूमिकेने मिळते, प्रतिपालकाच्या नव्हे, त्यामुळे यात कोणावर अन्याय नाही. अध्यापक बदलून गेला तर जुन्या पत्त्यावरूनच नव्या प्रतिपालकाची सूचना भांडारास द्यावी लागते. म्हणून हे काम निरोप-समारंभाच्या नंतर न ठेवता, कार्यभार सोपविण्याच्या यादीत प्रयोगशाळेच्या किल्ल्यांबरोबर लिहून ठेवावे.